मल्लप्पांचा कागद

"कागद आहे, टोनर आहे, दिवा हिरवा आहे. तरी निघत नाही," रेश्माताई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा प्रिंट दाबलं.

सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळतो. रेश्माताई तिथल्या काउंटरवर असतात. त्या दुपारी आयसीयूतले मल्लप्पा वारले होते. बॉडी ताब्यात द्यायचा कागद निघाल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. हाताने लिहिलेला चालत नाही, हा मॅनेजरचा नियम.

मल्लप्पांचा भाऊ काउंटरला धरून उभा होता. अक्कलकोटकडचा लिंगायत शेतकरी. "आमच्यात बसवून माती देत्यात, सायेब. अंग ताठलं की बसत न्हाय. लवकर बघा की."



मी प्रिंटरला पिंग केलं. म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' असं विचारलं. 'आहे' असं उत्तर आलं. मग प्रिंटरची केबल काढून पुन्हा विचारलं. तरी उत्तर 'आहे'च. म्हणजे त्याच्या नावाने दुसरंच कुणीतरी ओ देत होतं. केबल परत लावली.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला घरनंबरासारखा आयपी ॲड्रेस असतो. फोनना राऊटर तो आपणहून वाटतो. प्रिंटरचा हाताने टाकलेला होता, पण बसवणाऱ्या बहाद्दराने तो वाटपातून वगळलाच नव्हता. सकाळी लाइट गेली. परत आल्यावर राऊटर प्रिंटरच्या आधी उठला आणि त्याने प्रिंटरचा नंबर एका फोनला देऊन टाकला. राऊटरच्या यादीत त्या फोनचं नाव होतं, मल्लप्पा.

"मग ब्लॉक करा की तो फोन," मॅनेजर म्हणाले.

मी आधी आत आयसीयूत डोकावलो. मल्लप्पांची मुलगी बापाचा फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरून उभी होती. व्हिडिओ कॉलवर तिचा मस्कतला असलेला भाऊ होता. चित्र सारखं अडकत होतं. तेही एकाच नंबरावरच्या या भांडणामुळे.

"अण्णाला येता येत न्हाय," ती म्हणाली. "एवढंच बघू द्या. तोडू नका."

मला तो कॉल तोडवला नाही. प्रिंटरचाच नंबर बदलायला घेतला. त्याच्या पॅनेलवर एकेक आकडा टाकायचा, मग रेश्माताईंच्या कॉम्प्युटरला नवा नंबर सांगायचा. तिचे काका, म्हणजे मल्लप्पांचे भाऊ, माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांची ती नजर मला नकोशी झाली होती.

कागद निघाला. काकांनी तो घेतला आणि ते गाडीकडे धावले. आत कॉलही सुरळीत झाला होता. पोराने बापाला नीट पाहिलं.

पण प्रिंटर थांबेना. रेश्माताईंनी जितक्या वेळा प्रिंट दाबलं होतं, तितके कागद आत साठले होते. मल्लप्पा मयत, मल्लप्पा मयत, एकामागून एक बाहेर पडत होते. मुलगी फोन छातीशी धरून काउंटरपाशी आली होती.

"अजून कशाला काढताय?" ती म्हणाली. "एकदाच मेलाय की माझा बाप."

मी प्लग उपटला.

दुसऱ्या दिवशी प्रिंटरचा नंबर वाटपातून कायमचा बाजूला काढला. आता प्रत्येक ऑफिसात सांगतो, कागद आला नाही तर पुन्हा प्रिंट दाबू नका, आधी मला फोन करा. का, ते मात्र सांगत नाही.