गुंडीच्या पोटाची धास्ती

माझा धाकटा भाऊ लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि त्याला स्वतःला गाडीची भीती वाटते. हे ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. त्याच्या शेजारी बसून शिकलेल्या माणसाला काही हसू येत नाही. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोर कुत्रं दिसलं, की हा ब्रेक दाबणार. कुत्रं येईलसं वाटलं, तरी दाबणार. मीही त्याच्याकडेच शिकले. परीक्षेच्या दिवशी साहेब "थांबवा" म्हणाले आणि मला गाडी थांबवायचं सुचलंच नाही, कारण तोवर ती माझ्या पायानं कधी थांबलीच नव्हती. नापास झाले ते झालेच. गल्लीत सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणतात आणि तोही त्या नावाला मुकाट ओ देतो.

लहानपणी याला काही झालं होतं का, असं लोक मला विचारतात. काही झालं नव्हतं. भीती घेऊनच जन्माला आला. शाळेच्या अर्ध्या वाटेवरून परत यायचा, आई घरात आहे ना ते बघायला. आई म्हणायची, "अरे, मी कुठे जाणार आहे?" ते त्याला पटायचं, आणि दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा दारात.

अशा माणसाला मुलगी झाली. वाटोळ्या तोंडाची, म्हणून तिचं नाव गुंडी पडलं. मी त्यांच्याच घरी मागच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून राहते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गुंडी अंगावर पीत होती तेव्हा एकदा बरेच दिवस तिला शी झाली नाही. पोट मऊ होतं, पोर हसत होती, दूध नीट पीत होती. भावजय म्हणाली, "अहो, अंगावर पिणाऱ्या मुलांचं होतं असं. नर्सबाईंनी सांगितलंय मला." पण भावाचं धाबं दणाणलं होतं. तो कुणालाही न विचारता दुकानातून एनिम्याच्या लहान नळ्या घेऊन आला. गुंडी किंचाळली, काम झालं, आणि भाऊ घामाघूम होऊन जमिनीवरच बसला. "सुटलो," म्हणाला. उरलेल्या नळ्या त्यानं कपाटात वरच्या फळीवर नीट ठेवून दिल्या.

तेव्हापासून एखादा दिवस कोरडा गेला, की कपाट उघडायचं. गुंडी चालायला लागली, बोलायला लागली, जेवणात नखरे करून बाटलीमागून बाटली दूध प्यायला लागली, तरी कपाट उघडतच राहिलं. शी खड्यांसारखी व्हायची. एकदा शीवर रक्ताचा ठिपका दिसला, तर भाऊ दिवसभर जेवला नाही. मग गुंडीनं नवंच सुरू केलं. पडद्यामागे जाऊन उभी राहायची, चवड्यांवर, पाय एकमेकांत आवळून. तोंड लालबुंद. "बघ ना ताई, किती जोर लावते बिचारी," भाऊ म्हणायचा आणि आणखी घाबरून नळी काढायचा. भावजय तिचे हात धरायची. मी मशीन जोरात चालवायचे, पण त्या पोरीचा आवाज मशीनच्या वर यायचा. पुढे पुढे घरातलं कुठलंही कपाट करकरलं, की गुंडी कॉटखाली शिरायची.

मग तिची चड्डी सारखी ओली दिसू लागली, थोडं थोडं पातळ, तिला न कळता झालेलं. भावाला आधी हायसं वाटलं, पोट मोकळं झालं म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याचंच रूपांतर हगवणीच्या भीतीत झालं आणि त्यानं तिची फळं बंद केली. चार घास खाणारी पोर एकही खाईना. पोट ताणलेलं, कडक. बाटलीही ढकलायला लागली. एका सकाळी ती उलटी करून माझ्या मांडीवर तशीच पडून राहिली, रडलीसुद्धा नाही. तेव्हा मात्र मीच भावाला गाडी काढायला सांगितली. न रडणारी गुंडी मी कधी पाहिली नव्हती.

गाडी भावानंच चालवली. भावजय तिला घेऊन मागे, मी पुढे, मास्तरच्या जागेवर. माझ्या पायाशी तो ब्रेक होता. चुकून पाय पडू नये म्हणून मी दोन्ही पाय सीटवर घेऊन बसले. भाऊ रडत चालवत होता आणि "ताई, ती श्वास घेतेय ना बघ," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी गुंडीचं पोट बोटांनी हळूहळू चाचपलं. मग आमची बोटं तिथे ठेवून दाखवली. बेंबीपर्यंत गाठीच गाठी.

"पण बाई, तिला तर पातळ होतंय," भावजय म्हणाली.

"आत घट्ट गोळा बसलाय. त्याच्या कडेनं पाझरतंय ते."

"कापावं लागेल?" भावानं विचारलं.

"आज तरी तसं दिसत नाही. पण ठेवून घेते तिला. उलटी हिरवी झाली किंवा पोट आणखी फुगलं, तर धावत येऊन सांगायचं." यातलं "दिसत नाही" भावाला ऐकूच आलं नाही. त्याच्या डोक्यात हिरवा रंग बसला. दवाखान्याच्या हिरव्या भिंतींकडेसुद्धा तो संशयानं बघत होता.

मग बाईंनी सगळं विचारून घेतलं. दूध किती, पाणी किती, कधीपासून. पडद्यामागचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "ती जोर लावत नव्हती हो. बाहेर येऊ नये म्हणून धरून ठेवत होती. दुखतं म्हणून धरते, धरल्यानं शी आणखी कडक होते, मग आणखी दुखतं. नळी कोण लावतं?"

"मी."

"कधी?"

"एक दिवस झाली नाही, की."

"मग तिची तिला करायची पाळी येते तरी कधी?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मला माझी परीक्षा आठवली होती आणि त्यालाही बहुतेक तीच आठवली. एरवी मी अशी संधी सोडत नाही. त्या दिवशी सोडली.

दवाखान्यात तोंडावाटे औषध देऊन हळूहळू पोट रिकामं केलं. हिरवं काही झालं नाही. गुंडीनं डोळे उघडून पाणी मागितलं, तसा भाऊ तिला उचलून घ्यायला दोन्ही हात पसरून पुढे झाला. गुंडीनं दोन्ही हात मागे नेऊन ढुंगण घट्ट दाबून धरलं. "नको बाबा, नको बाबा," म्हणत कॉटच्या कोपऱ्यात सरकली. भाऊ हात तसेच पुढे धरून उभा राहिला. मग बाहेर येऊन बाकावर बसला आणि म्हणाला, "ताई, ती मला घाबरते." मला रडू आलं. 

घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंचे नियम लागू झाले. खालून काही घालायचं नाही. शी मऊ ठेवणारं औषध रोज, कित्येक महिने, बरी दिसली म्हणून मनानं बंद करायचं नाही. दूध कमी, पाणी आणि फळं जास्त. जेवण झालं, की भांड्यावर बसवायचं, पायाखाली पाट, आणि रागवायचं नाही. भावानं नळ्या स्वतः कचऱ्यात टाकल्या आणि टाकल्यावर त्याचीच पाचावर धारण बसली. आता काही झालं तर हातात काहीच नव्हतं.

गुंडी भांड्यावर बसायची, आईजवळ बसायची, माझ्याजवळ बसायची. पण बाबा दारात दिसला, की सगळं आवळून उठायची. म्हणून भाऊ जेवण झालं, की खाली जाऊन बंद गाडीत बसू लागला. काम झालं, की आम्ही खिडकीतून हात हलवायचो. मग तो वर यायचा. कधीकधी आम्ही हात हलवायचोच नाही, शिकणारे येऊन थांबायचे, आणि हा स्टिअरिंग धरून वर बघत बसलेला. एकदा असे कोरडे दिवस लागोपाठ गेले तेव्हा औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आला. "पुन्हा गोळा बसला असेल गं," मला कुजबुजत म्हणाला. त्याच्या हातात काही नव्हतं, ते मी आधी बघून घेतलं.

"अहो, पोट मऊ आहे, खेळतेय, खातेय," भावजय म्हणाली. "थांबा ना जरा." ती हे ठामपणे म्हणाली आणि आत येऊन मला विचारू लागली, "वन्सं, खरंच मऊच आहे ना हो?"

एका दुपारी भावजय बाजारात गेली होती. गुंडी भांड्यावर, मी शेजारी चड्डीला इलॅस्टिक घालत बसलेली.

"बाबा कुठे?" गुंडीनं विचारलं.

"खाली."

"बोलव."

मी खिडकीतून हाक मारली. जिने चढून तो आला तो पांढराफटक होऊन, काय ऐकायला मिळणार म्हणून. दारातच थांबला. गुंडीचे हात मागे गेले. तो खाली बसला, उंबऱ्याच्या बाहेर, आणि स्वतःचे हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावरच बसून राहिला.  मीही सुई थांबवली. गुंडी त्याच्याकडे बघत राहिली, कपाळाला आठी घालून, कितीतरी वेळ. मग हळूहळू तिचे हात गुडघ्यांवर आले. तोंड लाल झालं. मला वाटलं, धरतेय. 

ती धरत नव्हती.

"बाबा, धू," गुंडी म्हणाली.

भाऊ माझ्याकडे बघू लागला. "तू जा ना ताई. माझे हात गार पडलेत."

"मला कुठे बोलावलंय?" मी म्हणाले.

तो उठला. गार हात लागून ती दचकेल म्हणून कोमट पाण्यात हात बुडवून उभा राहिला, काढायचं धाडस होईना. गुंडी मात्र भांड्यावरून उतरून, त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही तळवे जमिनीला टेकून वाकून उभी होती आणि त्याची वाट बघत होती.