जेठ बसला पुढे, ट्रॉली झाली उलाळ

बायको माघात गेली. लोक येऊन सांगतात, सुटली बिचारी. तिला सुटायचंच असतं तर लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सुटली असती, माझा स्वभाव तिला तेव्हाच कळला होता. मी चौथी शिकलेला माणूस, गोड बोलता येत नाही, म्हणून येणाऱ्याला चहा देतो नि गप बसतो. पण ट्रॉलीची गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती दुसरं कोणी सांगणार नाही.

तिचं माहेर बोरी नदीच्या पलीकडं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, पुरणपोळी नि आंब्याचा रस खातात. ही लग्नानंतर चौदा वर्षं आखाजीला एसटीनं फाट्यापर्यंत जायची आणि पुढं तीन कोस डोक्यावर बोचकं घेऊन चालायची. घरी बैलगाडी होती. पण आमचा बाप म्हणायचा, भर उन्हात बैल थकतात. सून थकते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मग आम्ही एक जुना ट्रॅक्टर घेतला, पंचवीस हॉर्सपॉवरचा, दुसऱ्या मालकाचा. त्याच दिवशी ती म्हणाली, "माय जित्ती शे तोवर माले एकदा सोतानी गाडीमा बसीसन माहेर जानं शे." तिच्या आईला तेव्हा धड दिसतही नव्हतं. मी म्हटलं, कापूस विकला की ट्रॉली आणतो, येत्या आखाजीला नेतो. बोललो खरा.

कापसाचे पैसे हातात आले तसा मी एकटाच एसटीत बसून चाळीसगावला गेलो. तिथं धुळे रोडला एक ट्रॉली बनवणारा होता. त्याच्याकडं एक जुनी चारचाकी ट्रॉली उभी होती, लांबलचक, माझ्या मेव्हण्याच्या ट्रॉलीपेक्षा दोन हात मोठी. शेजारी एक नवी दोनचाकी, तिच्यापुढं अगदी पोरगेली. भाव दोन्हींचा एकच. मी मोठीवर हात ठेवला. मेव्हण्याचं तोंड कसं होईल हे मला तिथंच दिसायला लागलं.

कारागीर म्हणाला, "नाना, ट्रॅक्टर कुठंय?"

"घरी."

"मग ही ओढणार कोण, तुम्ही?"

मी चिडून परत आलो. घरी सांगितलं तर बायको त्याच्याच बाजूनं. म्हणाली, "पोरगी पाह्याले जातांना पोरगाले घर ठेवतस का?"

मी म्हटलं, "आपल्या लग्नात ठेवलं होतं. बाप आणि काका आले होते तुला पाहायला."

"मंग पाही ल्या, काय व्हयनं ते."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर काढला. ती मडगार्डवर बसली, डोक्यावरचा पदर दातात धरून, चाळीसगावपर्यंत. कारागिरानं ट्रॅक्टरकडं पाहिलं आणि सांगितलं, "चारचाकी सपाटीला येईल मागं. पण भरलेली असली की उतारावर ढकलेल. तुमची बकरी, मागून हत्ती." बायकोला नदीकाठचा उतार तोंडपाठ होता, चौदा वर्षं तिनं तो पायानं मोजला होता. ती म्हणाली, लहानी घ्या. मी म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, "हसू द्या. नदीमा तुम्ही पडशात, लोक नहीत पडाव."

मग तिनं त्या माणसाला विचारलं, दोनच चाकं, मग अर्धा भार कुठं जातो? तो म्हणाला, ट्रॅक्टरच्या हुकावर, म्हणूनच ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात. पुढं फार दिला तर ट्रॅक्टर नाक वर करतो, मागं दिला तर हूकच वर उचलला जातो. "म्हंजे गाडीसारखंच," ती म्हणाली. "पुढे जास्त भरं तर धुरजड, मांगे जास्त भरं तर उलाळ." बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मलाही ते माहीत होतं. पण मी मेव्हण्याचं तोंड पाहत होतो ना.

लहानी ट्रॉली घेऊन आलो. मी आठ दिवस रुसलो होतो. तिनं रुसण्याकडं लक्ष दिलं नाही, भाकरी मात्र रोज वेळेवर.

आखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. माझ्या भावकीतल्या सात-आठ सुना तिच्याच माहेरगावच्या किंवा शेजारगावच्या. बायकोनं सगळ्यांना बोलावलं. आता मी भावकीत सर्वांत थोरला, म्हणजे त्या सगळ्यांचा जेठ, थोरला दीर. आमच्याकडं जेठासमोर सून पदर ओढते, बोलत नाही, जवळ तर बसतच नाही. मी पुढं ट्रॅक्टरवर, म्हणून त्या सगळ्या ट्रॉलीच्या पार मागच्या टोकाला जाऊन दाटीवाटीनं बसल्या. गव्हाचं पोतं, आंब्यांच्या पाट्याही मागंच, त्यांना धरून ठेवायला. पुढं नुसता पत्रा, आणि त्यावर माझी बायको एकटी.

सपाटीला कळलं नाही. नदी उतरलो, पाण्यातून निघालो आणि पलीकडचा चढ लागला. ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, रेती उडायला लागली, आणि खालून हूक वर ओढला जाऊन कडकडला. ट्रॉली उलाळ झाली होती. मागं पाणी, पुढं चढ, आणि मी ब्रेकवर उभा.

बायको ओरडली, "पुढे सरका व बठ्ठ्या!"

त्या सगळ्यांतली एकही हलेना. एक जण पदराआडून कुजबुजली, "जेठ शेत ना पुढे."

"जेठनी लाज धरशात तर बठ्ठ्या नदीमा जाशात!"

तरी कोणी हलेना. मग बायको ट्रॉलीतून वाकली, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि माझ्याच डोक्यावरून दोन्ही गालांवर ओढून हनुवटीखाली गाठ मारली. घोड्याला झापडं लावतात तसं. आजूबाजूचं काही दिसेना, फक्त समोरची वाट. म्हणाली, "ल्या, आते जेठनीच पदर ली लिया. या पुढे!"

मागं असा हशा पिकला की काय सांगू. सगळ्या खिदळत पुढं सरकल्या, पोतंही ओढलं. हुकावर भार आला, चाकांनी जमीन धरली. ती माझ्या पाठीमागून म्हणाली, "रस्ता दिसस ना?"

"दिसस," मी म्हटलं आणि क्लच सोडला.

तसाच, नव्या नवरीसारखा, मी सासुरवाडीत शिरलो. मेव्हण्याचं तोंड मी पाहायचं, तर सगळं गाव माझं पाहत होतं. सासू काठी टेकत आली. तिनं ट्रॉलीच्या चाकापासून फळीपर्यंत सगळीकडं हात फिरवला आणि लेकीला विचारलं, "तुन्ही शे?" बायको म्हणाली, "मन्ही." बाकी काही नाही. पुढच्या आखाजीला म्हातारी नव्हती.

यंदा आखाजीला बायकोच्या नावाची घागर पुजली आणि ओट्यावर बसून होतो. भावकीतल्या त्या सुना, आता सगळ्याच म्हाताऱ्या, दारात आल्या. निरोप आणला एका नातवानं, की ट्रॉली काढायला सांगतात. मी म्हटलं, तुमच्या माहेरी आता आहे कोण? विचारलं खरं, पण ट्रॉली काढली.

त्या चढल्या आणि कोणी न सांगता सगळ्या पुढंच बसल्या, माझ्या पाठीशी. मागचा पत्रा मोकळा. मी टॉवेल डोक्यावरून गालांवर ओढला आणि गाठ मारली. ऊन होतं.

नदीच्या चढाला ट्रॅक्टर थांबवला. चढ तोच होता, पण मला पहिला गिअर सापडेना. तेव्हा चाळीस वर्षांत माझ्याशी एक शब्द न बोललेली धाकटी भावजय मागून म्हणाली,

"भाऊ, रस्ता दिसस ना?"

दिसत नव्हता. पण हुकावर भार होता. मी क्लच सोडला.