बाकावरचा बाबल्या

रावजी पेटीवाल्याचं घर रत्नागिरीच्या बाजारात कुणालाही विचारा, पोरसुद्धा दाखवील. आंब्याचा हंगाम असला की तोंडात खिळे धरून दिवसभर पेट्या ठोकायच्या, आणि हंगाम सरला की फुटबॉल. बायको मालन म्हणायची, माझ्याशी नुसतं लग्न लागलंय, संसार त्या चेंडूशी चाललाय. खोटं नव्हतं हो ते!

वस्तीतल्या पोरांचा क्लब त्यानेच काढलेला. क्लब कसला, डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरचा उघडा कातळ, सुरूचे वासे रोवून केलेले गोल आणि त्यांना बांधलेली मासेमारीची टाकाऊ जाळी. चेंडू एकच. कातळावर घासून त्याची सालपटं निघायची, की चांभाराकडून ठिगळ. ठिगळावर लाथ बसली की चेंडू भलतीकडेच पळायचा. बरे म्हणावेत असे बूट अख्ख्या क्लबात मिळून एक जोड, तोही वर्गणी काढून घेतलेला. पण रावजीचा एक नियम होता, सड्यावर आलेलं पोर खेळल्याशिवाय घरी जायचं नाही. मग ते कितीही धडपडं असो, शेवटी थोडा वेळ का होईना, त्याला उतरवायचंच.

अशा त्या कातळावर बाबल्या तयार झाला. तुळसाचा मुलगा, बाप लहानपणीच गेलेला, रावजीनेच त्याला चेंडूला पहिली लाथ मारायला शिकवलं. चेंडू पायात आला की पोरगं ऐकायचं नाही कुणाचं. शेजारच्या गावचे लोक नुसते त्याला बघायला सड्यावर चढायचे.

एकदा मुंबईच्या एका बड्या कंपनीच्या क्लबातले साहेब गणपतीपुळ्याला दर्शनाला आले होते. वाटेत सड्यावर त्यांनी बाबल्याला खेळताना पाहिलं आणि तिथल्या तिथे विचारलं, येतोस का? कंपनीत नोकरी, राहायला खोली, क्लबात खेळायचं. तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. क्लबाला त्याबद्दल काय मिळणार, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट या क्लबवाल्यांनी काय करावं? मोठ्या क्लबात पोरगं अनवाणी गेलं तर रत्नागिरीचं नाक कापलं जाईल, म्हणून तो एकुलता बुटांचा जोड त्याच्या पिशवीत घातला! आणि स्वतः वर्षभर अनवाणी खेळून सगळीकडे हरत बसले. वेडेपणा म्हणायचा नाहीतर काय.

दोन पावसाळे गेले. गावी येणारे चाकरमानी सांगायचे, बाबल्या आता मोठा माणूस झालाय. रावजीचं काळीज सुपाएवढं व्हायचं. एकदाच, फक्त एकदा त्याला मुंबईच्या हिरव्या मैदानात पळताना बघायचं, एवढंच आता त्याच्या मनात राहिलं. शेवटी चौऱ्याऐंशी साली, गणपतीच्या आधी, आंबापोळीची पुडी घेऊन तो एसटीत बसला.

मैदानाच्या दारातच तो हबकला. गवत असं की पाय ठेवायला लाज वाटावी. एक गडी जाळीची पिशवी घेऊन आला आणि त्याने ती उपडी केली, तर चेंडूच चेंडू गडगडत निघाले, सगळे नवेकोरे. रावजी आ वासून बघत राहिला. दुसरा एक गडी नुसता खेळाडूंचे बूट पुसत बसला होता. त्याला पगार त्याचाच! रावजीने सहज विचारलं, आमच्या बाबल्याचा गावचा जोड कुठाय? गडी म्हणाला, तो पहिल्याच दिवशी टाकला, असलं काही इथे चालत नाही.

सामना सुरू झाला. रावजी एकेक चेहरा न्याहाळत होता. बाबल्या मैदानात नव्हता. तो कडेच्या बाकावर बसला होता, अंगावर परीटघडीचे कपडे, एक सुरकुती पडलेली नाही. आता उतरेल, मग उतरेल, असं म्हणत सामना संपला. बाबल्या जागचा हलला नाही.

रावजीने त्या साहेबांना गाठलं आणि विचारलं, पोराचं काही चुकलं का? साहेब भले माणूस. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छे हो, उत्तम आहे मुलगा. म्हणून तर आणला. समोरच्या क्लबाने उचलला असता तर आम्हालाच जड गेला असता. आता इथे बसलाय, काळजी नाही."

रावजीला आधी कळेचना. मग कळलं. दुसऱ्याने खेळवू नये म्हणून माणूस विकत घेऊन ठेवायचा? पगार देऊन बसवायचा? अहो, इतका पैसा असतो तरी कुणाकडे! दोन वर्षांत बाबल्या एकदाही उतरला नव्हता.

तो तावातावाने बाबल्याकडे गेला. चल घरी, म्हणाला, सड्यावर चल, पोरं वाट बघतायत. बाबल्या मान खाली घालून ऐकत होता. आईचं घर शाकारून झालं होतं, बहिणीचं लग्न ठरलं होतं, हे त्याने हळूहळू सांगितलं. मग इकडेतिकडे बघून तो म्हणाला,

"दादा, माजे पाय गेले. बसून बसून गेले. आता ह्यांनी उतरवलान आणि जमला न्हाय, तर नोकरी जायल. भैरीला माज्यासाटी एक गाऱ्हाणा घालशील? मला मैदानात उतरवू नको म्हणावा."

आंबापोळीची पुडी रावजीने बाबल्याच्या हातात दिली आणि एसटी पकडली.

गावात क्लबाची सगळी पोरं ग्रामदैवत भैरीच्या देवळात जमली. बाबल्यासाठी गाऱ्हाणं आहे एवढंच त्यांना ठाऊक. गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने देवाला सांगायचं आणि मागच्या सगळ्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. रावजीने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा भैरी म्हाराजा, तुजा बाबल्या मुंबैत हाय, त्याला सुकी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

"त्याच्या नोकरीला धक्का लागू देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

रावजीने नारळ देवाकडे सरकवला.

"आणि त्याला कदी खेळायला लावू नको!"

मागून कुणाचाच आवाज आला नाही. मग रावजीने एकट्यानेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."