गढी की अरण्य : दहा गुणांचा प्रश्न

'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मला शाळेपासून आवडतो. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारायची, डावीकडे एक, उजवीकडे दुसरे, आणि दहा मुद्दे लिहिले की दहा गुण. आसगावच्या शाळेत गुरुजींनी ही रेघ मारायला शिकवली. तिच्याच आधाराने मी बारावी झालो, भंडाऱ्याला जाऊन बी.एस्सी. झालो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून गावभर पेढे वाटून आलो. त्यामुळे दोन ऑनलाइन खेळांपैकी एक निवडायची वेळ आली तेव्हा मी वही आणि पट्टी घेऊन बसलो. दुसरी कुठली पद्धत मला माहीतच नव्हती.

निवडणे भाग होते, कारण माझ्या फोनमध्ये दोन्ही मावत नव्हते. या खेळांची खरी नावे इंग्रजी आणि लांबलचक आहेत. आम्ही एकाला गढी म्हणायचो आणि दुसऱ्याला अरण्य. दोन्हींत जादू, तलवारी, राक्षस आणि आपल्यासारखी हजारो माणसे एकाच वेळी. गढीवाले अरण्यवाल्यांना पोरकट समजतात आणि अरण्यवाले गढीवाल्यांना गुलाम. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही, म्हणून भांडण जास्त.

मला या खेळांचा नाद लावला माझ्या मित्राने. तो करडीचा. भंडाऱ्याच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षे एका खोलीत काढली. पदवीनंतर तो घरच्या धानाच्या शेतीत गेला आणि मी पवनीला एका ऑनलाइन केंद्रात लोकांचे अर्ज भरून द्यायला लागलो. करडी जिल्ह्याच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. भेटायचे म्हटले तर दोन बसगाड्या आणि एक अख्खा दिवस. त्यामुळे आमची भेट रोज संध्याकाळी गढीतच व्हायची. तो ढाल घेऊन पुढे उभा राहायचा, मी वैद्य म्हणून मागून त्याच्या जखमा भरायचो. त्याने ढाल निवडली कारण ती सर्वांत मोठी दिसत होती. मी वैद्य झालो कारण त्याखाली 'सेवा' असा शब्द लिहिला होता. लढता लढता तो विचारायचा, "बाबाची खोकली कशी आहे?" आणि मी सांगायचो. राक्षस मरायचा तो मधल्या वेळात.

गढीत एकट्याने काही होत नाही, संघ लागतो. आमचा संघ चाळीस जणांचा होता. संघप्रमुख पुण्यामुंबईकडचा असावा, कारण तो आमच्यासारखे 'तुले' नाही, 'तुला' म्हणायचा. आम्हाला आत घ्यायला त्याने पाच महिने लावले होते. ज्या संस्थेने मला प्रवेश दिला तिचा मी जन्मभर आभारी राहतो, ही माझी सवय आहे. शाळेचा आहे, कॉलेजचा आहे, वसतिगृहाच्या मेसचासुद्धा आहे. तसा संघाचाही होतो. तो रोज हजेरी घ्यायचा. मी रोज दहा मिनिटे आधी जायचो.

मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली आणि त्याच आठवड्यात संघाने एका किल्ल्यावर चढाई ठरवली. सलग सात दिवस, दुपारी चार वाजता. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी चारला माणूस बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात असतो. आज तुम्ही आमच्या रोवणीला, उद्या आम्ही तुमच्या, असा फेर ठरलेला असतो. त्यातून एक माणूस गळला तर त्याच्या घरी पुढच्या वर्षी कोणी येत नाही. पदवीधर झालो म्हणून मला त्यातून सूट नव्हती. मित्रालाही नव्हती.

"सांगून दे ना त्याले, येत नाही म्हणून," मित्र म्हणाला.

"असं कसं सांगायचं? रीतसर पाहिजे."

आणि मी रीतसर केले. माझा तो हातखंडा. 'प्रति, मा. संघप्रमुख महोदय' इथून सुरुवात. 'विषय : रोवणीनिमित्त आठ दिवसांची रजा मिळणेबाबत.' खाली, 'वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की'. शेवटी 'आपला विश्वासू', त्याखाली माझे खेळातले नाव, पद : वैद्य, श्रेणी : एकसष्ट. सोबत जोडले : वाफ्यातल्या पऱ्ह्यांचा (धानाच्या रोपांचा) फोटो एक. सगळे टाइप करून संघाच्या गटात पाठवले आणि पोच मिळण्याची वाट पाहत बसलो.

पोच मिळाली. "भाऊ, हे मंत्रालयात पाठवायचं होतं का?" संघप्रमुखाने लिहिले. मग कोणी विचारले, "रोवणी म्हणजे काय? लग्नातला विधी का?" दुसऱ्याने विचारले, "आठ दिवस चालतो?" तासाभरात माझ्या अर्जाचे चित्र झाले, त्याखाली हसणारी तोंडे आली आणि त्या दिवसापासून संघात कोणाला जेवायला उठायचे असले तरी तो लिहायला लागला, "सविनय विनंती, रोवणी आहे."

मी उत्तरात लिहिले, "सूचनेबद्दल आभारी आहे." खोटे नाही सांगत, मला खरोखर वाटले की विषय दोन ओळींचा झाला, तिथे चुकले.

मित्राला मात्र ते लागले. अपमान माझा, राग त्याला. त्याने माइक सुरू केला आणि चाळीस जणांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ज्याले रोवणी मालूम नाही त्यानं उद्यापासून भात खाऊ नये." आणि संघातून निघून गेला. रोवणी संपल्यावर परत येईल असे मला वाटले. तो परत आला नाही. त्याने गढीच फोनमधून काढून टाकली आणि अरण्यात गेला. आमची चार वर्षांची ढाल एका बोटाने पुसली.

"तू येऊन राहिला का नाही?" त्याने फोनवर विचारले.

"पाहतो. विचार करतो."

"विचार कायले करतं? तुले नाच्यासारखं नाचवलं ना त्यायनं."

"पण त्यांनी आपल्याला घेतलं होतं बे."

"पाच महिने लावले घ्यायले! तुई नोकरी होती का तिथं? हे पाह्य. मी काही परत येत नाही. रविवारपर्यंत ठरव. नाही आला तर मीबी दुसरा वैद्य पाहतो. विना वैद्याचा किती दिवस मरू?"

म्हणजे प्रश्न खेळाचा नव्हता. रोज संध्याकाळी तासभर जो माणूस मला भेटत होता तो रविवारनंतर भेटणार होता की नाही, एवढाच होता. पण मला तो तसा दिसला नाही. मला तो दहा गुणांचा दिसला.

तुलना करायची तर दोन्ही खेळून पाहायला हवे होते. अरण्य मी आईच्या फोनमध्ये टाकले. त्यासाठी तिच्या बहिणींनी पाठवलेली फुलांची, दिव्यांची आणि शुभ सकाळची सहाशे चित्रे काढावी लागली. दोन फोन पाटावर शेजारी ठेवून मी अभ्यासाला बसलो.

आई धान निवडता निवडता वाकून पाहायला लागली. "हा कोन आहे?"

"मी."

"तू? अन मंग कपडे काहून नाहीत तुया अंगावर?"

"सुरुवातीला नसतात आई. लाकडं गोळा केली की मिळतात."

"अन त्या दुसऱ्या फोनातला, पांढऱ्या झग्यातला?"

"तोही मीच. एकसष्ट श्रेणीचा."

"तो काय करून राहिला?"

मी पाहिले. संघाने कामाला लावले होते. "तोही लाकडंच गोळा करतो आहे. किल्ल्याच्या दरवाजासाठी."

आई सुपाकडे वळली. "घरी सांगतलं तं एक काडी आणत नाही."

मुद्दा योग्य होता, पण माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. मी शास्त्रीय पद्धतीने चाललो होतो. मुद्दा पहिला, शासनव्यवस्था : गढीत राजा आहे, त्याला दिवसातून एकदा मुजरा करावा लागतो आणि रांगेत आपला नंबर यायला वीस मिनिटे लागतात. अरण्यात राजा नाही, सात वनदेवतांची समिती आहे. तिच्यापुढेही रांग आहे, फक्त नंबर आल्यावर दुसऱ्या देवतेकडे पाठवतात. तहसील कार्यालयाचा अनुभव असलेल्याला दोन्हीकडे घरच्यासारखे वाटते. इथे मी अर्धा-अर्धा गुण दिला. मुद्दा दुसरा, विनामूल्यता : दोन्ही फुकट आहेत. गढीत फुकट माणूस पायी चालतो आणि पैसे भरलेला घोड्यावर जातो. अरण्यात फुकट माणूस पायी चालतो आणि पैसे भरलेला उडतो. पायी माणसावर चिखल उडत नाही याचा विचार करता गुण अरण्याला. भाषा : गढीचे मराठी भाषांतर आहे, त्यात मेलेल्या शत्रूला 'कालबाह्य' म्हणतात. अरण्यात मराठी नाहीच, तरी समजते. गुण गढीला, प्रयत्नाबद्दल.

शेती हा मुद्दा मी मुद्दाम ठेवला. गढीत शेतीच नाही. सैन्य काय खाते ते कोणी सांगत नाही. अरण्यात शेती आहे आणि धानसुद्धा आहे. मी आईच्या फोनवर कोरड्या, उतारावरच्या जमिनीत बी टाकले. पऱ्हे नाहीत, चिखलणी नाही, रोवणी नाही, तीन मिनिटांत पिवळेधमक धान उभे. मी मित्राला तसे कळवले. तो म्हणाला, "मले मालूम आहे. मी कंपनीले तक्रार केली. उतारावर पाणी थांबत नाही म्हणून चित्र काढून पाठवलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या उत्साहाबद्दल धन्यवाद."

शनिवारी संध्याकाळी तक्ता पूर्ण झाला. दहा मुद्दे, दोन रंगांची शाई, खाली दुहेरी रेघ. गढी साडेसहा, अरण्य साडेतीन. मी दोनदा तपासले. शिवाय गढीत माझी एकसष्टावी श्रेणी, पांढरा झगा, चार वर्षांचे काम. अरण्यात मी उघडा आणि हातात तीन काड्या. उत्तर स्पष्ट होते. एका बाजूला ओढल्याचा आरोप येऊ नये म्हणून मी पानाचा फोटो काढून मित्राला पाठवला आणि खाली लिहिले, "निःपक्षपातीपणे केले आहे. काही मुद्दा राहिला असल्यास कळवावे."

त्याचा फोन आला. मागे बैलाच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते.

"वाचलं," तो म्हणाला. "अक्षर चांगलं आहे."

"मुद्दे बरोबर आहेत ना?"

"मुद्दे बरोबरच आहेत," तो म्हणाला. "मी कोनत्या खान्यात आहो?"

"म्हणजे?"

"राजा लिवला, घोडे लिवले, धान लिवलं. पाऊस पडतानाचा आवाज कोनत्या खेळात चांगला, तेबी लिवलं तुवा. मी कुठं आहो त्याच्यात? डावीकडं का उजवीकडं?"

मी वहीकडे पाहिले. दहाच्या दहा मुद्द्यांत तो नव्हता. अडलो की मी जे म्हणतो तेच म्हणालो, "तो मुद्दा अभ्यासक्रमात नव्हता."

"हव," तो म्हणाला. "ठेवतो मंग."

त्या संध्याकाळी मी गढीत गेलो. हजेरी लागली. संघप्रमुखाने मला एका नव्या ढालवाल्यामागे उभे केले. तो चांगला खेळणारा होता, घोड्यावरचा. राक्षस आला तसा त्याने घोडा वळवला, कारण त्याची रोजची बक्षिसे गोळा करून झाली होती. मी तीन सेकंदांत कालबाह्य झालो. कोणी विचारले नाही. बाबांच्या खोकल्याचेही कोणी विचारले नाही, आणि ते तिकडच्या खोलीत खोकतच होते.

मी तक्त्यात अकरावा मुद्दा लिहायला घेतला. पट्टी लावली, पेन उघडले आणि लक्षात आले की याला रेघ नको आहे. गढी काढून टाकायला फोनने दोनदा विचारले, खात्री आहे का. चार वर्षांत मला एवढ्या अदबीने काही विचारले गेले नव्हते. मी हो म्हटले. संघाचे आभार मानणारा निरोप अर्धा लिहून झाला होता, तोही पाठवला नाही. आयुष्यात न मानलेले ते माझे पहिले आभार.

रविवारी सकाळी मी अरण्यात, माझ्या स्वतःच्या फोनवर, पहिल्या श्रेणीचा, उघडा, नवख्यांच्या कुरणात उभा राहिलो. मित्र तोवर चाळिसावर गेला होता. त्याच्या श्रेणीची माणसे या कुरणात पाय ठेवत नाहीत. इथे त्यांना काही मिळत नाही. तो लोखंडी चिलखत घालून आला, शिंगांचे शिरस्त्राण, पाठीवर दरवाजाएवढी ढाल, आणि माझ्याशेजारी वाकून काड्या वेचायला लागला. आजूबाजूची नवखी पोरे त्याला पाहून पळाली.

मी क्षमेचा संदेश टाइप करायला घेतला. तिसऱ्या ओळीवर होतो तेवढ्यात त्याचा आवाज आला, "बे, टाइप नको करू! मांगं पाह्य, मांगं!"

मागे रानडुक्कर होते. मी मेलो.

अरण्यात मेलेला माणूस नकाशाच्या दुसऱ्या टोकाला भूत होऊन उभा राहतो आणि आपल्या देहापर्यंत त्याला पायी परत यावे लागते. फार लांबचा रस्ता असतो. नदी असते, टेकडी असते, आणि भुताला धावता येत नाही. देह तोवर तिथेच पडून असतो. दुसरा कोणी येऊन त्याच्या काड्या उचलून नेऊ शकतो.

"कुठपर्यंत आला?" मित्राने विचारले.

"नदी ओलांडतो आहे."

"ये आरामात. मी उभा आहो इथं." डुकरांचा आवाज आणि ढालीवर आपटल्याचा आवाज येत होता. "बाबाची खोकली कशी आहे?"

मी चालत होतो. चालता चालता सांगायला लागलो.