न पुसलेला डाग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटोचं एक दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फटच ती. आत एक गोल स्टूल, मागे पांढरा पडदा, आरसा, आरशाला दोऱ्याने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यात कोट घातला तो हाच. जाड माणसाला त्याची बटणं लागत नाहीत आणि बारीक माणसाला तो मागून चिमटे लावून बसवावा लागतो. फोटोत मात्र सगळे साहेब दिसतात.

दुकानाच्या मालकांना सगळे 'हनुवटी' म्हणतात. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते "हनुवटी जरा खाली" असं सांगतात, म्हणून. तोंडावर मी त्यांना भाऊ म्हणते, माघारी हनुवटी. त्यांना हे ठाऊक आहे आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

मला संथ माणसांचा मनस्वी राग येतो आणि हे गृहस्थ संथपणात कुणाला हार जाणार नाहीत. तुम्ही घाईत असा, बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली असो, ते स्टूल दोन बोटं पुढे घेणार, दिव्याकडे बघणार, पुन्हा स्टूल दोन बोटं मागे घेणार. फोटो निघाला की कॉम्प्युटरसमोर बसून एकेका चेहऱ्याची साफसफाई करणार. त्यातही त्यांचा एक कायदा आहे. फोड, पुटकुळी, दाढी करताना कापलेलं, हे सगळे पाहुणे, ते पुसायचे. तीळ, व्रण, देवीचे वण हे घरचे. त्यांना हात लावायचा नाही. एखादा डाग पाहुणा की घरचा हे कळलं नाही, तर ते त्या माणसाचा जुना फोटो उघडून बघतात. प्रत्येकाचा मूळ फोटो, न पुसलेला, त्यांनी जपून ठेवलेला असतो. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या एका मुलीच्या आईने गालावरचा तीळ काढायला सांगितला, तर यांनी तिला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला होता. धंदा असा करतात का कुणी? मी तेव्हा घरी येऊन खूप हसले होते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. हे पत्रे बसवतात. कारखान्यांची, गोदामांची छपरं. सकाळी वर चढले की जेवायला खाली आणि मग दिवस मावळताना खाली. डोक्यावर पुढे चोच असलेली टोपी आणि उजव्या कानावर पेन्सिल. माप घेतलं की पत्र्यावर खूण करायला ती लागते. आमच्या लग्नाच्या आधीपासून ती पेन्सिल त्या कानावर आहे. कधीकधी जेवायलाही तशीच बसलेली असते आणि मग मी हात पुढे करून ती काढून ठेवते.

तर त्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली होती. पेन्सिल घासून झालं असणार, यात घरात कुणालाच शंका नव्हती. यांच्या कामावरच्या मंडळींनाही नव्हती. पेन्सिल लावून कान सोलवटतोच, असं ते म्हणायचे. खपली निघायची, रक्त यायचं, पुन्हा खपली धरायची. मी जखमेचं मलम लावायची आणि खाजवू नका म्हणून ओरडायची. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके पडले की मी अभ्रा बदलायची आणि वर दोन शब्दही ऐकवायची. शेवटी यांनी पेन्सिल डाव्या कानावर नेली. आम्हाला वाटलं, आता होईल बरं.

यांच्या कामाच्या ठिकाणी आत जायला पास लागतो आणि त्यावर दरवर्षी नवा फोटो लागतो, दोन्ही कान दिसतील असा. त्या वर्षीचा फोटो हे काढून आले आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तो घ्यायला मी दुकानात गेले. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. भाऊंनी पाकीट पुढे केलं नाही. म्हणाले, "वहिनी, जरा आत या. हे बघा."

कॉम्प्युटरवर यांचा चेहरा होता आणि कानावर तो डाग, जसाच्या तसा, लाल.

"हे काय, तसंच ठेवलंत?" मी म्हटलं. "एरवी तर नाकावरची माशीसुद्धा उडवता."

"हा मी पुसणार नाही."

माझं डोकंच फिरलं. घरी कामं पडलेली आणि भाऊ मला सांगतात पुसणार नाही. मी तोंडाचा पट्टा सोडला. दुसऱ्याच्या नवऱ्याचा कान खराब दाखवून तुम्हाला काय मिळतं, इथपर्यंत गेले. ते शांतपणे ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा त्यांनी आणखी दोन फोटो शेजारी उघडले.

"हा दोन वर्षांपूर्वीचा. कान साफ आहे. हा गेल्या वर्षीचा, मूळ. डाग आहे, पण बारीक. फोड समजून मीच पुसला होता. आणि हा कालचा."

तीन कान शेजारीशेजारी होते. माझ्या हातातल्या पिशव्या मी कधी खाली ठेवल्या, आठवत नाही.

"पेन्सिलीने झालंय ते," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण काल फोटोच्या वेळी पेन्सिल काढा म्हटलं, तर त्यांनी डावीकडून काढली. म्हणजे पेन्सिल गेली आणि डाग राहिला. मला औषधातलं काही कळत नाही, वहिनी. पाहुणा वर्षभर मुक्काम ठोकत नाही, एवढंच कळतं. त्यांना डॉक्टरकडे न्या. तोवर हा फोटो मी देत नाही."

घरी येऊन सांगितलं, तर ह्यांच्या अंगाचा तिळपापड. "फोटो काढणारा फोटो देत नाही म्हणजे काय? रस्त्यावर दुसरी चार दुकानं आहेत." कानाच्या खपलीसाठी कामाचा दिवस बुडवायचा, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. मी रागावून बघितलं, रडून बघितलं, जेवणार नाही म्हणून बघितलं. हा माणूस उन्हाने भाजून पक्का झालेला. माझ्या रुसण्याने काय होणार.

सकाळी हे निघायच्या तयारीत असताना दारात स्कूटर थांबली. भाऊ होते. येताना दुकानाचं शटर खाली ओढून आले होते. हे दुकान सकाळी बंद राहिलेलं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. ते नेहमीसारखे संथपणे म्हणाले, "चला मिस्त्री, मी सोडतो. माझंही आज काम नाही." सरळ खोटं. पण जो माणूस आपल्यासाठी धंदा बंद करून दारात उभा आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? हे मुकाट्याने मागे बसले. मी रिक्षाने मागोमाग गेले.

मोठ्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. भिंगातून त्यांनी कान बराच वेळ बघितला आणि मग विचारलं, "काम काय करता?"

"पत्रे बसवतो. पण मी टोपी घालतो," हे लगेच म्हणाले. जणू चोरीचा आळ आला होता.

"घाला बघू."

यांनी टोपी घातली. बाईंनी त्यांना खिडकीतल्या उन्हात उभं केलं आणि हातात आरसा दिला. "सावली कुठे पडते?"

"कपाळावर. नाकावर."

"आणि कानावर?"

यांनी आरसा आधी उजवीकडे धरला, मग डावीकडे. कान दोन्ही उन्हात लखलखत होते. मान तर पाठीकडून सगळीच उघडी. बाई म्हणाल्या की नवा पत्रा ऊन खालूनही वर फेकतो, म्हणजे यांना दोन्हीकडून भाजणी. वर्षानुवर्षांचं ऊन कातडीत साठत जातं आणि सगळ्यात जास्त जिथे रोज पडतं तिथेच ते डाव साधतं: कान, नाक, खालचा ओठ, मानेची मागची बाजू, हातांचे पंजे. मी म्हटलं, "पण बाई, हे तर गोऱ्या लोकांना होतं ना?" त्या हसल्या. "त्यांना जास्त होतं, हे खरं. पण म्हणून आपल्याला कुणी माफीपत्र दिलेलं नाही." मग त्यांनी कान बधिर करून त्यातला तिळाएवढा तुकडा तपासायला काढून घेतला.

अहवाल आला. कातडीचा कॅन्सर.

तो शब्द ऐकल्यावर पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात. माझं उलट झालं. माझे पाय जमिनीला चिकटले. बाई सांगत होत्या की हा प्रकार वेळेत कापून काढला तर बहुतेकांना पुढे काही होत नाही, पण हा कानावर आहे आणि बऱ्याच दिवसांचा आहे, त्यामुळे मानेतल्या गाठींपर्यंत गेला आहे का ते बघावं लागेल. मला त्यातलं 'बऱ्याच दिवसांचा' एवढंच ऐकू आलं. ते सगळे दिवस मी त्याच कानाशेजारी झोपत होते.

कानाची वरची कड कापली. त्यानंतर मानेची तपासणी झाली आणि तिचा निकाल यायचा होता. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. हे कानाला पट्टी बांधून घरात बसलेले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडत नव्हते. तेच त्यांना जास्त भीतीदायक वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्या दिवसांत भाऊ संध्याकाळी दुकान बंद करून येऊन बसायचे. फार बोलायचे नाहीत. एकदा हे आत पडले असताना मला हळूच म्हणाले, "वहिनी, गेल्या वर्षी मी तो पुसला नसता तर? तेव्हा एवढासाच होता."

मला भडकायला ते निमित्त पुरलं. "भाऊ, तुम्ही वर्षातून एकदा तो कान बघता. मी रोज बघत होते. अभ्रे धुतले मी. तुम्ही पुसलंत हे खरं, पण तुम्हीच परत उघडून बघितलंत. दुसऱ्या कुणी बघितलं असतं? तुमचे उपकार मी कशाने फेडू, ते मला कळत नाही, आणि तुम्ही उलट हे घेऊन बसलात." एवढं बोलून मी रडायला लागले. ते बिचारे घाबरून पाणी आणायला माझ्याच स्वयंपाकघरात गेले आणि पेला कुठे आहे ते सापडेना म्हणून पातेल्यात पाणी घेऊन आले.

निकाल आला. गाठी साफ होत्या. बाईंनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आमच्या दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही.

त्यानंतर हे बदलले, पण कुरकुरत. मी चारी बाजूंनी रुंद कड असलेली टोपी शिवली, मागे मानेवर पडणारं कापड लावून. पहिल्याच दिवशी छपरावरच्या वाऱ्याने ती शेजारच्या गोदामावर नेऊन टाकली. मग गळ्याखाली बांधायला पट्टी लावली. कामावरची मंडळी त्यांना नवरी म्हणायला लागली. हे म्हणाले, म्हणू देत. आता त्यातल्या दोघांनी तशीच टोपी माझ्याकडून शिवून घेतली आहे, म्हणजे नवऱ्या तीन झाल्या. लांब बाह्यांचा शर्ट, कानाला, मानेला, ओठाला सनस्क्रीन. जेवायच्या सुट्टीत पुन्हा एकदा. ते लावताना असं तोंड करतात की जणू मी विषच चोपडते आहे. ठेकेदाराशी भांडून टोळीने पहाटे लवकर चढायचं आणि भर दुपारी खाली सावलीत मोजमापाचं, कापाकापीचं काम करायचं, असं ठरवून घेतलं. ठेकेदार पहिले काही दिवस फुगला होता. मग त्याच्या लक्षात आलं की दुपारी चटके खात घाईने बसवलेले पत्रे परत उघडावे लागायचे, ते आता लागत नाहीत, आणि फुगा उतरला.

दर काही महिन्यांनी बाईंकडे जायचं असतं. परवाच्या वेळी बाईंनी कान, मान, हात सगळं भिंगाखाली घातलं आणि म्हणाल्या, सगळं छान आहे. परत येताना गल्लीच्या तोंडाशी हे थांबले. मला वाटलं, भाऊंना सांगायला थांबले असतील. तर हे सरळ आत गेले, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसले.

"पासचा फोटो तर झाला ना," भाऊ म्हणाले.

"पासचा नाही. हा कान काढा, मग तो कान. मग मान मागून. हातसुद्धा."

"कशासाठी?"

"पुढच्या वर्षी परत बसेन, तेव्हा ताडून बघायला," हे म्हणाले, अगदी सहज. पुढचं वर्ष खिशातच असल्यासारखं.

भाऊ दिवा सरकवायला वळले आणि वळलेलेच राहिले. मीही आरशाकडे तोंड केलं आणि त्या दोऱ्याला बांधलेल्या कंगव्याने, चांगले विंचरलेले केस पुन्हा विंचरत उभी राहिले.