अकरावा मजला म्हणजे वरची वाडी

लालबागच्या आमच्या टॉवरमधले लिफ्टमनकाका मजल्यांना त्यांच्या डोंगरातल्या गावच्या ठिकाणांची नावं देतात. तळमजला नगरपंचायत, पाचवा देऊळवाडी, आमचा अकरावा वरची वाडी. ऑफिसच्या घाईत मी वैतागायचे, "काका, नुसतं बटण दाबा हो."

परवा लिफ्ट बंद पडली आणि नेमकी आईला धाप लागली. खाली पडलेले मंडपाचे दोन बांबू घेऊन काका अकरा मजले चढून आले. खुर्चीला बांबू बांधून आईला बसवलं, बांबू उचलणाऱ्या शेजाऱ्यांना म्हणाले, "उतारावर पाय आडवा टाका."

आईला टॅक्सीत बसवल्यावर मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"वरच्या वाडीला रस्ता नाही, ताई. आजारी माणूस असंच उतरवतो," ते दोरी सोडत म्हणाले. "इथं बरंय. खाली आलं की गाडी असते."