न गाळलेली घागर

राजमतीनं चुलीवरचं पाणी उतरवलं, त्यात दोन लवंगा टाकल्या आणि रिकाम्या घागरीच्या तोंडावर फडकं बांधायला घेतलं, तेवढ्यात दाराची कडी वाजली. त्या गल्लीत कडी वाजवून कुणी येत नसे. येणारा लांबूनच हाक मारत उंबरा ओलांडायचा.

"आत्ती, बघा की," परसातून सून कमला म्हणाली. "कासार आला असंल तर थांबवा त्याला."

दारात कासार नव्हता. डोक्यावर साहेबी टोपी, अंगात कोट, आणि नाकावर रुमाल धरलेला एक माणूस होता. हातात काचेची रिकामी बाटली.

"बाई, तुमच्या गल्लीच्या आडाचं पाणी हवंय. एवढी बाटली भरून द्या."

"देते की. बसा कट्ट्यावर."

तिनं बाटली विसळून, कालच्या निवलेल्या हंड्यातलं पाणी भरून दिलं. वर फुलपात्रभर प्यायलाही दिलं. त्यानं ते घटाघटा पिऊन टाकलं. "पाणी चांगलंय तुमचं," म्हणाला, बाटलीला बूच मारलं आणि टांग्यात बसून निघूनही गेला.

राजमती जैनाघरची. आल्यागेल्याला न गाळलेलं पाणी द्यायचं म्हणजे तिच्या लेखी त्याच्या पानात माती वाढण्यासारखं. आडाचं पाणी आणलं की दुहेरी फडक्यातून गाळायचं, घागरीला आतून निवळीची बी घासून गाळ खाली बसू द्यायचा, मग उकळायचं. आणि फडकं उलटं करून गाळल्या पाण्यानं धुवायचं. त्या धुवणाला जिवाणी म्हणतात. डोळ्यांना दिसणारे-न दिसणारे जीव त्यात असतात, म्हणून ती वरून ओतायची नाही. कडीच्या तांब्यातून पार पाण्यापर्यंत खाली सोडायची, ज्या आडातले जीव त्या आडात. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं हे शिकवलं, त्यात कधी खंड पडला नव्हता.

घटकाभरानं शेजारची जयाबाई आली.

"आक्का, टांगा कुणाचा गं आलता?"

"कुणास ठाऊक. बाटली भरून मागितली, दिली."

"बाटली?" जयाबाईच्या काखेतली कळशी सरकली. "काचंची? आगं आक्का, त्योच की त्यो! पाण्याचा सायेब!"

राजमती तशीच अनवाणी गल्लीच्या तोंडापर्यंत धावली. निपाणीच्या वाटेवर नुसता धुरळा होता.

ह्या साहेबाची गाव वर्षभर वाट बघत होतं. लढाईच्या दिवसांत ओढ्याच्या वरच्या अंगाला पलटणीच्या बुटांसाठी कातडी कमावायचा कारखाना निघाला. कायदा असा, की कारखान्यानं आपलं घाण पाणी खड्ड्यांत साठवायचं, निवळवायचं, आणि गावाच्या खालच्या बाजूला सोडायचं. पण पलटणीला बूट तातडीचे, म्हणून सरकारनं सूट दिली: खड्डे मागाहून खणा. लढाई संपली. पलटणीतली पोरं परत आली. खड्डे काही खणले गेले नाहीत आणि सूट दर साल पुढं चालू राहिली. चुन्याचं, केसाचं, सालीचं पाणी ओढ्यात उतरायचं आणि ओढ्याला लागूनच असलेल्या आडात झिरपायचं. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन पोरं हगवणीनं गेली. त्यातली एक जयाबाईची नात, शेवंती. गावानं अर्ज केले तेव्हा उत्तर आलं, की पाणी तपासू, मग सूट ठेवायची का ते ठरवू.

आणि साहेब आला तो आडापर्यंत गेलाच नाही. तिथला वास सोसवला नसेल. पहिल्या घराची कडी वाजवली, आणि ते घर राजमतीचं निघालं.

महिन्याभरानं पाटलानं चावडीवर सांगितलं: पाणी निर्मळ आहे, पिण्याजोगं आहे, तक्रारीत तथ्य नाही. सूट कायम.

त्या संध्याकाळी जयाबाई दारात उभी राहिली. आत आली नाही.

"आक्का, तुमी किडामुंगी सांभाळलासा. लई पुण्य केलासा. माझ्या शेवंतीला कुठलं फडकं व्हतं गं?"

"जया, मला ठावं न्हवतं..."

"व्हय. तुमास्नी कशाला ठावं असंल? तुमच्या घरात कुठं कोण मेलं?"

खरंच, राजमतीच्या घरात कुणाला काही झालं नव्हतं. लाकूडफाटा परवडत होता, पाणी उकळत होतं. कमलाला सातवा महिना होता आणि ती ठणठणीत होती. भिंतीपलीकडं त्याच आडाचं पाणी जसंच्या तसं प्यायलं जात होतं, हे काय तिला दिसत नव्हतं? शेवंती तिच्याच कट्ट्यावर चिंचोके खेळायची.

दुसऱ्या दिवशी जिवाणी सोडायच्या आधी तिनं फडकं उजेडात धरलं. पूर्वी त्यावर काहीबाही वळवळायचं. आता केस होते, चुन्याचे पापुद्रे होते, आणि हलत काही नव्हतं. तरी तिनं तांब्या खाली सोडला, अगदी हलक्या हातानं.

मग तिनं दुसरी घागर भरली आणि तशीच कडेवर घेतली.

"आत्ती, फडकं ऱ्हायलं," कमला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. नेमगोंडाला म्हणावं, गाडी जुंप. चिकोडीला कचेरीत जायचंय."

"आवं पण आत्ती, तुमी आनि न गाळता..."

"कमळे, सांगितलं तेवढं कर."

वाटभर तिनं घागर मांडीवर धरली होती. पाणी हिंदकळून लुगडं भिजलं, त्याचा वास येऊ लागला. लेक नेमगोंडा दोनदा म्हणाला, "आई, खाली ठेव की." तिनं ठेवली नाही.

कचेरीत दुपार टळून गेल्यावर आत सोडलं. खुर्चीत तोच साहेब होता. त्यानं तिला ओळखलं नाही, पण घागर आत येताच रुमाल काढला.

"बाई, त्या गावचं प्रकरण निकालात निघालंय. कारखाना बंद करा म्हणायला आलात ना? शंभर घरं जेवतात त्यावर. तुमच्या गावचीसुद्धा."

"न्हाय सायेब."

"मग? नुकसानभरपाई?"

"न्हाय."

"मग पाहिजे तरी काय तुम्हाला?"

राजमतीनं घागर त्याच्या मेजावर ठेवली.

"तुमास्नी मी दिलेलं पाणी गाळलेलं व्हतं, उकळलेलं व्हतं. ह्ये तसं न्हाय. तुमची बाटली आना, आनि ह्ये तपासा."